डबल शॉकअपची सायकल आणि आपली कंबर

दिवाळी आटोपली आणि हवेत जरा गारवा आला की आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक प्रश्न हमखास येतो. रक्तातली साखर वाढलेली असते, पोट सुटलेले असते, गुडघे कुरकुरत असतात. 'रोज अर्धा तास व्यायाम करा' हे ऐकून समोरचा माणूस थोडा विचार करतो आणि म्हणतो, "डॉक्टरसाहेब, चालणं काही होत नाही. सायकल घ्यावी म्हणतो. पण आपल्या इकडचे रस्ते पाहता ना! डबल शॉकअपवाली घेतली तर कंबर दुखणार नाही ना?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. व्यायामाचा निश्चय माणूस वर्षातून एखादवेळी करतो. त्या निश्चयावर तो दहा-बारा हजार रुपये खर्च करतो. सायकल चुकीची निघाली, तर महिनाभरात ती जिन्याखाली जाते, तिच्यावर कपडे वाळू लागतात आणि 'मला सायकल झेपत नाही' ही समजूत मात्र कायमची घर करून बसते. पैसे गेले त्यापेक्षा हे नुकसान मोठे आहे. म्हणून पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप असलेली सायकल कोणी घ्यावी, कोणी घेऊ नये आणि घेतलीच तर तिच्यावर कसे बसावे, हे आज सविस्तर पाहू.

शॉकअप नेमके काय करते?

सायकलचा पहिला शॉकअप शोधून काढला तो एका डॉक्टरनेच, पण जनावरांच्या. बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवा भरलेला टायर तयार केला आणि १८८८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्याआधी सायकलला भरीव रबराचे टायर असत आणि प्रत्येक दगड थेट मणक्यापर्यंत पोहोचत असे. हवेचा टायर ही आजही सायकलवरची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी उशी आहे. हे लक्षात ठेवा, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

स्प्रिंगवाले शॉकअप सायकलवर रुळले ते फार उशिरा. १९७० च्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात काही तरुण जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरउतारावरून शर्यती लावू लागले. त्यातून 'माउंटन बाइक' जन्माला आली. या सायकलींना पुढचा शॉकअप मिळाला तो १९८९ च्या सुमारास. मागचा शॉकअप सर्रास वापरात यायला आणखी काही वर्षे गेली. माउंटन बाइक शर्यत १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये दाखल झाली, तेव्हाही आणि त्यानंतरची अनेक वर्षे बहुतेक अव्वल खेळाडू मागे शॉकअप नसलेल्या सायकलीच वापरत होते.

चांगल्या शॉकअपचे दोन भाग असतात. एक स्प्रिंग, जी धक्का बसला की दबते. दुसरा डॅम्पर, म्हणजे दबलेली स्प्रिंग एकदम उसळू न देणारी तेलाची यंत्रणा. ज्यांनी जुनी मोटारसायकल चालवली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. शॉकअपमधले ऑइल गेले की गाडी प्रत्येक स्पीडब्रेकरनंतर दोन-तीनदा डुलते. स्प्रिंग शाबूत असते, पण तिला आवरणारे कोणी नसते.

आठ-दहा हजारांच्या डबल शॉकअप सायकलींमध्ये बहुधा नेमके हेच असते. मागे दिसायला दणकट, रंगीत स्प्रिंग असते, पण तिच्या आत तेलाचा डॅम्पर नसतो. स्प्रिंगवरची गोल चकती फिरवली की ती कडक किंवा नरम होते, उसळी मात्र आवरली जात नाही. खडकाळ उतारासाठी बनवलेल्या खऱ्या डबल सस्पेन्शन सायकलीत मागच्या शॉकमध्ये हवा आणि तेल दोन्ही असते, सांध्यांमध्ये बेअरिंग असतात आणि किंमत नवी घेतल्यास लाखाच्या घरात किंवा पुढे जाते. दोन्ही सायकली दुरून सारख्या दिसतात. घोटाळा तिथेच होतो. अनेक स्वस्त सायकलींच्या माहितीपुस्तिकेत 'उड्या आणि खडकाळ वाटांसाठी नाही' असे बारीक अक्षरात छापलेले असते, ते कोणी वाचत नाही.

वजनाचा हिशेब

स्वस्त डबल शॉकअप सायकल लोखंडी चौकटीची असते. तिचे वजन साधारण १७ ते २० किलो भरते. त्याच किमतीच्या आसपास मिळणारी, शॉकअप नसलेली हलकी सायकल १३ ते १५ किलोची असते. चार-पाच किलोंनी काय फरक पडतो?

खरे सांगायचे तर सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगात फारसा पडत नाही. चढावर पडतो, पण तोही वाटतो तितका नाही. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना आपण सुमारे ७०० मीटर उंची गाठतो. ७५ किलोचा माणूस १३ किलोच्या सायकलवर असेल तर ८८ किलो वर न्यायचे असतात, १८ किलोच्या सायकलवर असेल तर ९३. म्हणजे मेहनत जवळपास ६ टक्क्यांनी वाढली.

मग स्वस्त डबल शॉकअप सायकल इतकी जड का जाते? कारण पायाने दिलेले बळ सगळे चाकापर्यंत पोहोचतच नाही. पॅडल दाबले की मागची स्प्रिंग दबते, सोडले की उसळते. सायकल पुढे जाण्याबरोबर वर-खालीही होत राहते. चढावर उभे राहून पॅडल मारून पाहा, हे लगेच जाणवेल. त्यात सांध्यांमधल्या साध्या बुशी वर्ष-दीड वर्षात झिजतात, मागचे चाक लुळे पडते आणि गिअर नीट बसेनासे होतात. नवखा माणूस हे सगळे स्वतःच्या खात्यावर टाकतो. 'माझ्यातच दम राहिला नाही' म्हणतो. दम असतो, तो स्प्रिंगमध्ये मुरतो.

कंबरेचे काय?

आता मूळ प्रश्न. ट्रॅक्टर आणि ट्रक चालवणाऱ्यांमध्ये कंबरदुखी जास्त आढळते आणि तासन् तास बसणाऱ्या हादऱ्यांशी तिचा संबंध आहे, हे सर्वमान्य आहे. बसलेल्या माणसाच्या मणक्याला सेकंदाला ४ ते ६ या गतीचे हेलकावे सर्वांत जास्त जाणवतात. त्यामुळे धक्के कमी व्हावेत ही अपेक्षा योग्यच आहे. दगडधोंड्यांच्या वाटेवर चांगला मागचा शॉकअप धक्के निश्चित कमी करतो.

पण आपला रस्ता कोणता आहे? अमरावती-अकोला मार्गाने कित्येक वर्षे वऱ्हाडातल्या कमरांची परीक्षा घेतली, हे खरे. त्याच राष्ट्रीय महामार्ग ५३ वर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून गिनीज विक्रम झाला. शहरातले बहुतेक मोठे रस्ते सिमेंटचे झाले आहेत. अशा पृष्ठभागावर मागच्या शॉकअपला काम उरत नाही. मधले खड्डे, गतिरोधक आणि गल्लीतले उंचवटे यांच्यासाठी शरीर आणि टायर पुरेसे असतात.

सायकलवरची कंबरदुखी बहुतेक वेळा धक्क्यांनी होत नाही, बसण्याच्या पद्धतीने होते. हँडल फार लांब किंवा फार खाली असले की पाठ कमानीसारखी वाकते, मान मागे ताणावी लागते आणि अर्ध्या तासात कंबरेचे स्नायू थकतात. पंचेचाळिशीपुढच्या नवख्या माणसाचे हँडल सीटच्या उंचीला किंवा त्याहून थोडे वर असावे. कोपर किंचित वाकलेले असावेत. ताठ कोपरांनी हँडल धरले की प्रत्येक धक्का खांद्यात आणि मानेत जातो.

आणि खड्डा दिसला की बसून राहू नका. दोन्ही पॅडल जमिनीला समांतर करा, सीटवरून दोन बोटे उठा, गुडघे आणि कोपर सैल ठेवा. तुमच्या मांड्या आणि पिंढऱ्या हा जगातला सर्वोत्तम शॉकअप आहे. त्यात स्प्रिंगही आहे आणि डॅम्परही. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने पूर्ण केली. त्याआधी २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांच्या संघात ती पार केली होती. अशा शर्यतींच्या सायकलींना ना पुढे शॉकअप असतो ना मागे. त्यांची तयारी वेगळी हे मान्य, पण स्प्रिंगशिवाय पाठ टिकते एवढे त्यावरून नक्की कळते.

ज्यांना कंबरेतून पायात कळ जाते, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा येतो, त्यांनी मात्र कोणतीही सायकल घेण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. तो दुकानात सुटणारा प्रश्न नाही.

गुडघे: चार बोटांचा फरक

बडनेऱ्याकडचे एक शिक्षक गेल्या हिवाळ्यात तपासायला आले. वय बावन्न, मधुमेह पाच वर्षांचा. नवी डबल शॉकअपची सायकल घेऊन तीन आठवडे झाले होते. "डॉक्टरसाहेब, कंबर वाचवाले सायकल घेतली अन् गुडघेच दुखाले लागले," म्हणाले. दुखणे वाटीच्या मागे, जिना उतरताना जास्त. सायकल बाहेरच उभी होती. सीट इतकी खाली की दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकत होते. "असे टेकले की बरे वाटते, पडायची भीती नाही," हे त्यांचे म्हणणे. सीट चार बोटे वर केली, टायरमध्ये हवा भरायला सांगितली आणि हलक्या गिअरवर चालवायला सांगितले. पंधरा-वीस दिवसांत दुखणे उतरले. शॉकअपचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता.

सीट खाली असली की गुडघा प्रत्येक फेऱ्यात फार वाकतो आणि वाकलेल्या अवस्थेत जोर लावावा लागतो. त्यामुळे गुडघ्याच्या वाटीवर दाब वाढतो. योग्य उंची काढायला यंत्र लागत नाही. भिंतीला हात टेकून सीटवर बसा. टाच पॅडलवर ठेवा आणि पॅडल सर्वांत खाली न्या. या स्थितीत पाय सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग चालवताना तळव्याचा पुढचा भाग पॅडलवर ठेवला की गुडघा आपोआप २५ ते ३५ अंशांत वाकतो. तेवढेच हवे. गुडघ्याच्या पुढे दुखले तर सीट बहुधा खाली आहे, मागे दुखले तर बहुधा वर. बदल एका वेळी अर्ध्या सेंटीमीटरने करा.

डबल शॉकअपवाल्यांनी एक काळजी जास्त घ्यावी. ही मोजणी सायकलवर पूर्ण वजन टाकून करा, कारण बसल्यावर स्प्रिंग दबते आणि सीट खाली येते. रिकाम्या सायकलची उंची तुमची नव्हे.

थांबताना पाय टेकण्याची भीती वाटत असेल तर एक सवय लावा. ब्रेक दाबत सीटवरून पुढे घसरा आणि एक पाय खाली ठेवा. मोकळ्या मैदानात दहा वेळा केले की जमते.

बाकी गुडघ्यासाठी सायकल हा चांगला व्यायाम आहे. चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. सायकलवर वजन सीटने तोललेले असल्याने तो जवळपास एक पटीच्या आसपास राहतो. कृत्रिम सांध्यात संवेदक बसवून हे मोजले गेले आहे. अट एकच, गिअर हलका ठेवा. मिनिटाला ६० ते ८० फेरे आरामात फिरले पाहिजेत. दात-ओठ खाऊन जड गिअर ओढणे म्हणजे दिवसभर जिना चढण्यासारखे आहे.

हात, सीट आणि हवा

करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होणे ही सायकल चालवणाऱ्यांची खास तक्रार. तळहाताच्या कडेने जाणारी नस हँडलवर दबते. पुढच्या शॉकअपने ती थोडी कमी होते, पण पकड बदलत राहणे, मनगट वाकू न देणे आणि सीटचे टोक खाली झुकलेले नसणे, याने जास्त फरक पडतो. सीटचे टोक झुकले की सगळे वजन हातांवर येते.

सीट जाड, मऊ, जेलची घ्यावी असे सगळ्यांना वाटते. फार मऊ सीटमध्ये बसण्याची हाडे रुततात आणि दोन्हींच्या मधल्या नाजूक भागावर दाब येतो. तिथल्या नसा दबल्या की बधिरपणा येतो. मध्ये खाच असलेली, बेताची कडक, तुमच्या बसण्याच्या हाडांइतकी रुंद सीट बरी. दर दहा मिनिटांनी काही सेकंद उभे राहून पॅडल मारा. बधिरपणा वारंवार येत असेल तर दुर्लक्ष करू नका.

आणि हवा. टायरच्या कडेवर किमान आणि कमाल दाब लिहिलेला असतो. दुकानदार अंगठ्याने दाबून 'टाइट' भरतो. दोन इंची टायर आणि ७५ किलोचा माणूस असेल तर डांबरी रस्त्याला ३५ ते ४५ पीएसआय पुरे होतात, मागच्या चाकात थोडी जास्त. दगडासारखा कडक टायर उसळतो, फार नरम टायर ओढावा लागतो आणि खड्ड्यात ट्यूब चिमटते. दाबमापक असलेला छोटा हातपंप घ्या. दीड-दोन हजारांच्या स्प्रिंगपेक्षा तो कंबरेला जास्त सुख देतो.

दुकानातली दहा मिनिटे

एवढे वाचूनही डबल शॉकअपच हवी असेल, किंवा मुलगा हट्ट धरून बसला असेल, तर निदान पारखून घ्या.

सीटवर दोन्ही हातांनी जोरात दाबून एकदम सोडा. सायकल एकदाच शांतपणे वर आली तर डॅम्पर आहे. दोन-तीनदा नाचली तर नुसती स्प्रिंग आहे.

मागचे चाक धरून आडवे हलवा. सांध्यात 'टक्-टक्' जाणवली तर नवी असूनही घेऊ नका.

सायकल एका हाताने उचला. सामान तोलायचा छोटा काटा असेल तर चक्क तोला. जिन्यावरून तुम्हाला ती रोज न्यायची आहे.

चाकाचा आकार म्हणजे माणसाचे माप नव्हे. २६, २७.५ किंवा २९ इंच हे चाक झाले. माप चौकटीचे बघायचे. सायकलच्या मधल्या दांड्यावर दोन्ही पायांमध्ये उभे राहिल्यावर किमान दोन इंच जागा राहिली पाहिजे.

पुढचा शॉकअप असेल तर तो चढावर बंद करण्याची कळ आहे का, ते विचारा. मागच्या स्प्रिंगचा आणि बुशींचा सुटा भाग गावात मिळतो का, हेही विचारा. ज्या सायकलीचा भाग नागपूर-पुण्याहून मागवावा लागतो ती एका बुशीसाठी महिनाभर उभी राहते.

ब्रेक शेवटी नव्हे, आधी बघा. दोन बोटांनी दाबून चाक थांबले पाहिजे.

माझे मत विचाराल तर दहा ते वीस हजारांच्या मर्यादेत पुढे साधा काटा किंवा कळ असलेला पुढचा शॉकअप, मागे काही नाही, पावणेदोन ते दोन इंच रुंद टायर आणि १५ किलोंच्या आतले वजन, अशी सायकल बहुतेकांना पुरते. वाचलेल्या पैशात हेल्मेट, मागचा लाल दिवा, पंप आणि घंटी घ्या. ज्यांना खरोखर डोंगरवाटा तुडवायच्या आहेत त्यांनी स्वस्त नवी घेण्यापेक्षा पैसे साठवावेत, किंवा नामांकित बनावटीची वापरलेली, जाणकाराकडून तपासून घ्यावी. तिचीही वरची सगळी परीक्षा करावी आणि मागच्या शॉकमधून तेल गळत नाही ना, हे पाहावे.

वऱ्हाडच्या वाटा आणि ऋतू

आपल्याकडे मागच्या शॉकअपला न्याय मिळेल अशा वाटा आहेत, नाही असे नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या मुरमाड, दगडी वाटा, अकोट तालुक्यातला नरनाळ्याकडचा परिसर, चिखलदऱ्याचे पठार. पण मेळघाट हा १९७३-७४ मध्ये जाहीर झालेल्या देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक आहे. तिथे वनविभागाच्या परवानगीशिवाय आडवाटेला शिरणे बेकायदा आहे आणि जिवावर बेतणारेही. अमरावतीच्या उशाशी असलेल्या पोहरा-मालखेडच्या जंगलातही बिबट्यांचा वावर आहे. पहाटेच्या अंधारात एकट्याने तिकडे जाऊ नये.

रोजच्या व्यायामाला शेताकडच्या पांदण रस्त्यांसारखी जागा नाही. पण पावसाळ्यात आपली काळी कापसाची जमीन सायकलीला धरून ठेवते. चाक आणि काट्याच्या मधे चिखलाचा गोळा बसतो आणि चाक फिरायचेच थांबते. मागच्या शॉकअपच्या सांध्यात हाच चिखल शिरला की वाळल्यावर तो कानसासारखा बुशी खातो. पावसाळ्यात डांबरीवरच राहा. उन्हाळ्यात त्याच जमिनीला चाक अडकेल एवढ्या भेगा पडतात. हिवाळ्यात बाभळीचे काटे आणि सराटे असतात, म्हणून जवळ एक जादा ट्यूब ठेवा.

उन्हाचे वेगळे सांगायला नको. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढे जातो. मार्चअखेरीपासून सकाळी साडेसातच्या आत घरी परत या. चक्कर, मळमळ, डोके जड होणे, घाम अचानक थांबणे, यातले काही जाणवले तर सावलीत थांबा, अंगावर पाणी घ्या आणि मदत मागा. महामार्गावर ट्रकांच्या शेजारून चालवण्याचे धाडस व्यायामासाठी करू नका. भटकी कुत्री मागे लागली तर वेग वाढवण्यापेक्षा उतरा आणि सायकल मध्ये धरा. चावा बसलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्यात पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्या. ती सरकारी रुग्णालयात मिळते.

औषधाचा डोस

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आयसीएमआर-इंडिआब' पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत. या आजारात व्यायाम हे औषधच आहे आणि औषधाला डोस असतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवते. मध्यम म्हणजे बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, इतपत धाप. २०१७ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ब्रिटनमधील सुमारे २ लाख ६३ हजार लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कामावर सायकलने जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी आणि हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांचे प्रमाण ४६ टक्क्यांनी कमी आढळले. हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे, त्यामुळे सगळे श्रेय सायकललाच देता येणार नाही, पण दिशा स्पष्ट आहे.

श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून ज्या अमरावतीत आहे तिथे व्यायामाचे महत्त्व पटवावे लागत नाही. पटवावे लागते ते सातत्याचे. पहिला आठवडा १५ मिनिटे, सपाट रस्ता. दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवा. सहाव्या आठवड्यापर्यंत ४० मिनिटे, आठवड्यातून चार-पाच दिवस. सायकलने हाडांवर भार येत नाही, म्हणून दोन दिवस चालणे आणि बैठकांसारखा ताकदीचा व्यायामही ठेवा.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लायक्लाझाइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी निघू नये. खिशात तीन-चार चमचे साखरेची पुडी ठेवावी. हात थरथरणे, घाम सुटणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे असे झाले की थांबून ती आधी तोंडात टाकावी. छातीत दुखणाऱ्यांनी, नुकतीच अँजिओप्लास्टी झालेल्यांनी, डोळ्याच्या पडद्यात रक्तस्राव झालेल्यांनी आणि रक्तदाब १८०/११० च्या वर असलेल्यांनी आधी तपासणी करून घ्यावी, मग दुकानात जावे.

डबल शॉकअपची सायकल घरात आधीच असेल तर ती विकायची घाई नको. मागच्या स्प्रिंगची चकती फिरवून ती कडक करा, बसून सीटची उंची ठरवा, हवा मोजून भरा, सांध्यांना महिन्यातून एकदा तेलाचा थेंब द्या आणि सपाट रस्त्याने निघा. कंबर आणि गुडघे चार-सहा आठवड्यांत जुळवून घेतील. नंतर कधी सायकल बदलायची वेळ आली, तर कोणती हवी हे तोवर तुमच्याच पायांना कळलेले असेल.